एकशे त्रेसष्टच्या आसपास

गजभिये सरांसमोर ‘बरोबर पाच वाजले’ असं म्हणायची सोय नव्हती. ते लगेच विचारायचे, “बरोबर? तुमी पाह्यलं?” आपण मनगट पुढं करावं, तर ते घड्याळाकडं दयेनं बघायचे आणि म्हणायचे, “पाचच्या आसपास म्हणा, सर. बरोबर पाच कवाच वाजत नाई. पाच येते आणि जाते, आपल्याले पकडता येत नाई.” चहा प्यायला बोलवायला गेलेल्या माणसाला हे ऐकावं लागायचं.

ऐंशीच्या दशकात पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत, वडशाच्या कॉलेजात ते सांख्यिकी शिकवायचे आणि मी पदार्थविज्ञान. म्हणजे मोजमापाचा धंदा आम्हा दोघांचाही. पण मी धंदा पाच वाजता बंद करायचो. त्यांचं दुकान चोवीस तास उघडं. किराणा दुकानात ते ‘एक किलोच्या आसपास साखर’ मागायचे. दुकानदार तापायचा, “गुरुजी, आसपास काऊन? माझा काटा खोटा हाय का?” हे शांतपणे म्हणायचे, “काटा खरा आहे. खऱ्या काट्यालेच आसपास म्हणता येते.” दुकानदाराचं समाधान कधीच झालं नाही. सरांना ते कळायचंही नाही. आपण एखादी सुंदर गोष्ट सांगितली आणि समोरच्याला ती टोचली, असं होऊ शकतं, हे त्यांच्या डोक्यात कधी शिरलंच नाही. पुढं जे झालं त्याचं मूळ इथंच आहे, असं मी मानतो.

हिवाळ्यात वडशाला नाटकांचे मंडप पडायचे. एकदा आम्ही दोघं गेलो होतो. खलनायक मिशीला पीळ भरून गरजला, “आज बरोब्बर बाराच्या ठोक्याला तुझा खून करीन!” सगळा मंडप चिडीचूप. आणि माझ्या शेजारून एकटे गजभिये सर मोठ्यानं हसले. खलनायकानं डोळे बारीक करून आमच्याकडं बघितलं. झाडीपट्टीचा नट तो, हजरजबाबी, आणि सरांचं ‘आसपास’ गावभर ठाऊक. म्हणाला, “बरं, मास्तर आलेले दिसून राह्यले. बाराच्या आसपास करतो.” टाळ्यांनी मंडप डोक्यावर घेतला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि सर मात्र खूश, “बघा, याले समजलं.”

शिकवायला मात्र माणूस सोन्यासारखा होता. हे मी रागाच्या भरातही कबूल करतो.

पुस्तकं इंग्रजीत. मुलं नदीकाठच्या, जंगलकाठच्या गावांतून आलेली. ‘रँडम व्हेरिएबल’ म्हटलं की बिचाऱ्यांचे चेहरे पडायचे. सरांनी पुस्तक बाजूला ठेवलं आणि दोनच शब्द काढले, सुटं आणि सलग. टोपलीत अंडी किती, ते सुटं. एक, दोन, तीन. अडीच अंडी नसतात. लोट्यात दूध किती, ते सलग. एक आणि दोनच्या मधे दुधाला कुठंही थांबता येतं. आज किती अंडी निघतील, किती दूध निघेल, हे आधी सांगता येत नाही, म्हणून दोन्ही नशिबाचे चल. पण एकाचं नशीब पायऱ्या-पायऱ्यांनी उतरतं, दुसऱ्याचं घसरगुंडीवरून. “आता सांगा,” ते विचारायचे, “तेंदूपानाचे पुडे?” मुलं ओरडायची, “सुटं!” “वैनगंगेचं पाणी?” “सलग!”

एकदा त्यांनी मोहफुलांचं विचारलं. माझी प्रयोगशाळा भिंतीपलीकडं, त्यामुळं सगळा दंगा मला ऐकू येत होता. अर्धा वर्ग म्हणे सुटं, कारण फूल मोजता येतं. अर्धा म्हणे सलग, कारण मोह पायलीनं मापतात, फुलं कोण मोजत बसतं? तास संपत आला तरी भांडण मिटेना. शेवटी मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. वर्षभर तोंड न उघडलेली. म्हणाली, “सर, वेचतानी सुटं असते, विकतानी सलग होते.” मग खडूचा आवाज आला. सरांनी ते वाक्य फळ्यावर लिहिलं होतं. पुढच्या तासाला गणिताचे प्राध्यापक ते पुसायला गेले तर मुलांनी पुसू दिलं नाही.

हे सुटं-सलग शिकवतानाच ते दरवर्षी आपला लाडका मुद्दा सांगायचे. सलग गोष्टीत एखाद्या नेमक्या आकड्याची शक्यता शून्य असते. दूध बरोबर एक लिटर निघण्याची शक्यता किती? शून्य. लिटरच्या थोडं अलीकडं ते थोडं पलीकडं, अशा टापूची शक्यता विचारा, मी सांगतो. पण बिंदूची विचारू नका. हे सांगताना ते खडू खाली ठेवायचे, हात मागं बांधायचे आणि हसायचे. ते हसू मला अजून दिसतं. देवघरात दिवा लावून मागं सरकलेल्या बाईच्या चेहऱ्यावर असतं, तसं.

या ‘बरोबर’च्या वैराचं कारण मला एकदाच कळलं. ते नागभीडकडचे. घर छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं, वडील रेल्वेच्या गँगमध्ये, आई दुसऱ्यांच्या धानात मजुरीला. मजुरी पायलीनं मिळायची. मालक खुशीत असला की पायली शिगोशीग, नाराज असला की हात फिरवून सपाट. तोंडानं मात्र दोन्ही वेळा ‘बरोबर पायली’. “माझी माय घरी येऊन पदर सोडायची,” सर म्हणाले, “आणि आमी पोरं पदराकडं पाह्यचो. त्या दिवशी मालकाचा मूड कसा होता ते आमाले धानावरून कळे. तवापासून कोणी बरोबर म्हटलं की माझ्या अंगावर काटा येते. ज्याच्या हाती माप, तोच बरोबर म्हणते.”

अमरावतीच्या घरात मला कोणी पायली सपाट करून दिली नव्हती.

आता शालिकचं सांगतो. हा सरांच्या वर्गातला, ढिवरांचा मुलगा, गाव वडशाहून जवळच, वैनगंगेच्या काठी. बापाच्या बापापासून तलावात मासे धरणारं घर. तलावाचा ठेका दुसऱ्याच कोणाला गेला, आणि यांच्याकडं नदी तेवढी उरली. उन्हाळ्यात नदीत वाळू असते. शालिक घरात थोरला, पाठीवर दोन बहिणी. अभ्यासात बरा, पोहण्यात पटाईत, आणि गार्डाच्या भरतीत दोनदा नापास झालेला. दोन्ही वेळा उंचीवर. ठरलेली उंची एकशे त्रेसष्ट सेंटीमीटर, आणि हा केसभर कमी. खातं कोणतं ते लिहीत नाही. खाकी होतं एवढं पुरे. वयाच्या अटीप्रमाणं तिसरी भरती शेवटची.

शालिक हे सांगायला सरांकडं गेला आणि सर त्याला घेऊन थेट माझ्या प्रयोगशाळेत आले. “सर, तुमची भिंत पाह्यजे. आणि पट्टी. चांगली वाली.”

त्या दिवसापासून शालिकची उंची रोज सकाळी आणि रोज संध्याकाळी माझ्या भिंतीवर मोजली जाऊ लागली. डोक्यावर सुताराचा काटकोनी गुण्या टेकवून पेन्सिलची रेघ. काही आठवड्यांत भिंतीवर रेघांचा दाट पट्टा तयार झाला. आणि त्यात सगळ्या वर्गाला दिसेल अशी एक गंमत होती. सकाळच्या रेघा वर, संध्याकाळच्या खाली. माणूस रात्रभर आडवा पडला की पाठीचा कणा मोकळा होतो, दिवसभर उभा राहिला की दबतो. सरांनी वर्गाला भिंतीसमोर उभं केलं. “शालिकची उंची किती?” कोणी काही सांगितलं, कोणी काही. “चूक! शालिकची एक उंची नाई. ह्या सगळ्या रेघा म्हणजे शालिक.” शालिक बाजूला लाजून उभा. मला वाटतं त्या महिन्यात तो मनानं तरी नक्की उंच झाला होता.

सरांचा बेत साधा होता. सकाळच्या रेघा एकशे त्रेसष्टच्या किंचित वर जातात. म्हणजे मोजणीच्या क्षणापर्यंत शालिकला उभंच राहू द्यायचं नाही.

भरती नागभीडच्या मैदानावर होती. शालिकला घरच्या खाटेवरून उचलून खाचरात, म्हणजे छोट्या बैलगाडीत, ठेवलं. खाचरातून वडशाच्या स्टेशनावर, फलाटाच्या बाकावर आडवा. तेव्हा ती छोट्या रुळांची गाडी होती, चालत्या माणसाशी गप्पा मारत जाणारी. डब्यात आम्ही एक अख्खा बाक अडवला आणि गर्दी चवताळली. मी वेळ ओळखून म्हटलं, “पेशंट आहे हो, पोटाचं ऑपरेशन झालंय.” लोक हळहळले, सरकले. एका म्हातारीनं तर शालिकच्या कपाळावर हात ठेवला. तेवढ्यात गजभिये सर म्हणाले, “पेशंट नाई, बाई. उमेदवार आहे. उंची वाचवून राह्यलो.”

डब्यात जे झालं ते न सांगितलेलं बरं. आम्हाला नागभीडपर्यंत शिव्या खाव्या लागल्या. शालिक बाकावर डोळे मिटून पडला होता आणि म्हातारी पुन्हा पुन्हा म्हणत होती, “धडधाकट पोट्टा, लाज नाई वाटत!” मी सरांना म्हटलं, “गप्प बसता येत नाही का तुम्हाला?” ते मनापासून बुचकळ्यात पडले. “पण ऑपरेशन कुठी झालं?”

स्टेशनावरून हातगाडी. मैदानावर रांग मारुतीच्या शेपटासारखी. शालिक रांगेच्या कडेला चादरीवर आडवा, रांग सरकली की आम्ही दोघं चादर ओढायचो. पोरं हसत होती. “मुडदा भरती होऊन राह्यला बे!” एकानं शिटी मारली. शालिकच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी येत होतं, उन्हाचं म्हणून आम्ही सोडून दिलं.

हा तमाशा टेबलाशी बसलेल्या साहेबानं पाहिला. जाडजूड, घामानं भिजलेला, कंटाळलेला माणूस. त्यानं सरांना बोलावून विचारलं काय प्रकार आहे. सरांनी सगळं सांगितलं, भिंत, रेघा, कणा. साहेब पोट धरून हसला. सकाळपासून त्याला हसायला काही मिळालं नसावं. “मास्तर,” तो म्हणाला, “एवढी मेहनत बापही करत नाही पोरासाठी.” आणि शालिकचा नंबर आल्यावर त्यानं स्वतः हाक दिली, “आणा त्या झोपलेल्याला!”

शालिक उठला. भिंतीशी जाऊन उभा राहिला. टाचा चिकटवल्या, हनुवटी सरळ. मोजणाऱ्यानं डोक्यावर फळी टेकवली, वाकून बघितलं, पुन्हा बघितलं. “साहेब, काठावर हाय.”

साहेब खुर्चीवरून उठला. डोळा फळीजवळ नेला. एक क्षण थांबला. मग शालिकच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, “एकशे त्रेसष्ट. बरोब्बर. लिहा, पास.”

कारकुनानं पेन उचललं. मी श्वास सोडला. शालिक अजून फळीखाली होता, पण त्याचे खांदे सैल झालेले मला दिसले.

आणि माझ्या शेजारून आवाज आला, “बरोब्बर नाई म्हणता येणार, साहेब.”

साहेब वळला. “काय?”

“बरोब्बर एकशे त्रेसष्ट अशी कोणाचीच उंची नसते. उंची सलग आहे, साहेब. नेमक्या बिंदूवर तिची शक्यता शून्य. थोडी वर असंल, नाई तं थोडी खाली असंल. पण बरोब्बर...” सरांनी हात मागं बांधले होते. चेहऱ्यावर तेच हसू होतं. मी त्यांचा दंड धरून ओढला. त्यांना वाटलं मी मुद्दा ऐकायला जवळ आलो.

साहेबाच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. तरीही त्यानं सांभाळायचा प्रयत्न केला, हे मी मुद्दाम सांगतो. “मास्तर, तुमचाच पोरगा आहे ना? बसा खाली.”

पण रांगेनं ऐकलं होतं. मागून ओरड झाली, “खाली हाय म्हणते, साहेब! त्याचा मास्तरच सांगून राह्यला!” दुसरा म्हणाला, “मले अर्ध्या बोटासाठी काढलं, याले काऊन घेता?” आता एवढ्या लोकांसमोर साहेब काय करणार? त्यानं सरांकडं असं बघितलं की त्यांच्या जागी मी असतो तर जमिनीत गेलो असतो. मग म्हणाला, “परत मोज. नीट. फळी दाबून.”

फळी दाबली. मोजणारा वाकला. “कमी हाय, साहेब. जरासंच.”

“नापास. पुढचा.”

सर पुढं धावले. “साहेब, मी खाली आहे असं नाई म्हटलं! मी म्हटलं वर किंवा खाली! मापात चूक धरावी लागते, तेवढी सूट...” कोणी ऐकत नव्हतं. पुढचा मुलगा भिंतीला टेकला होता. ताडमाड उंच होता, त्याला फळीची गरजच नव्हती.

परतीच्या गाडीत जागा भरपूर होती. शालिकला आता आडवं पडायचं कारण नव्हतं. तो दाराशी उभा राहिला. धानाची कापलेली शेतं मागं जात होती. ब्रह्मपुरी गेल्यावर तो आत आला आणि सरांच्या समोर उभा राहून म्हणाला, “सर, तुमी चूप काऊन नाई राह्यले?”

सर म्हणाले, “अरे, पण ते खरं होतं.”

“खरं तं मले बी मालूम होतं, सर,” शालिक म्हणाला. “तुमीच शिकवलं.”

आणि पुन्हा दाराशी जाऊन उभा राहिला.

लोक मला म्हणतात, तो माणूस साधा होता, त्याच्या मनात पाप नव्हतं. नव्हतंच. पण मला या साधेपणाचा राग येतो. ज्याच्या हाती माप तोच बरोबर म्हणतो, हे ज्याला आईच्या पदरावरून कळलं, त्याला आज पहिल्यांदा माप आपल्या बाजूनं शिगोशीग भरतंय हे कळू नये? की कळलं, आणि तेच सोसलं नाही? मेहेरबानीची पायली त्यांना नको होती, हे मी समजू शकतो. पण ती पायली त्यांची नव्हती. शालिकची होती. नाकारायचा हक्क त्यांना कोणी दिला? आणि याहून वाईट शंका मला येते. ती अशी की त्या क्षणी त्यांना पायली आठवली नव्हती आणि शालिकही आठवला नव्हता. एक साहेब लक्ष देऊन ऐकतोय, एवढंच त्यांना दिसलं होतं.

नंतर त्यांनी अर्ज लिहायला घेतले. सलग मापावर अशी रेघ मारून माणसं कापणं शास्त्राला धरून नाही, दोन्ही बाजूंनी चुकीची मुभा असावी, असे. पहिला अर्ज त्यांनी मला वाचून दाखवला. पहिल्याच ओळीत शालिकचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गावाचं नाव होतं. उत्तर आलं नाही. दुसरा लिहिला, तिसरा लिहिला. प्रत्येक अर्ज आधीच्याहून नेटका. त्यात आलेख आले, सकाळ-संध्याकाळच्या रेघा आल्या, शेवटी तर जोडपत्र आलं. आणि एका अर्जात मला दिसलं की शालिकच्या नावाच्या जागी ‘एक उमेदवार’ असं लिहिलंय. मी त्यावर बोट ठेवलं. सर म्हणाले, “तत्त्वाची गोष्ट आहे, सर. नावानं ते लहान होते.” त्या दिवसानंतर त्यांच्याबरोबर चहाला जाणं मी बंद केलं.

शालिकनं कॉलेज सोडलं. तो राइस मिलमध्ये हमालीला लागला. तांदळाच्या पोत्याखाली माणसाचा कणा किती दबतो, ते मोजायला कोणी गेलं नाही.

वर्गात मात्र सर पूर्वीसारखंच शिकवत होते. अंडी, दूध, मोहफुलं. पुस्तकात सलग मापाचं पहिलं उदाहरण उंचीचं असे. ते पान सर उलटून पुढं जायचे. एका मुलानं विचारलं, “सर, हे राह्यलं.” भिंतीपलीकडून मी कान देऊन ऐकलं. सर म्हणाले, “ते परीक्षेत येत नाई.” ते दरवर्षी येत असे. मला माहीत असलेलं त्यांचं हे एकमेव खोटं.

दशक संपता संपता मला चंद्रपूरला नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी सामान घेऊन स्टेशनावर गेलो तर गजभिये सर बाकावर येऊन बसलेले. बोलणं तुटून बराच काळ झाला होता. तरी आले होते. गुडघ्यावर हात, केस बरेच पिकलेले. मी शेजारी बसलो. गाडी कधी येईल, एवढंच आम्ही बोललो.

फलाटावर तांदळाची पोती रचलेली होती आणि हमाल ती मालडब्यात भरत होते. त्यांच्यात शालिक होता. मला आधी ओळखू आला नाही, मान आणि खांदे यांच्यामधलं अंतरच संपलं होतं. रिकाम्या हातानं परत येताना त्यानं मला पाहिलं, आणि चेहरा उजळला. हात बंडीला पुसत धावत आला, वाकून पाया पडला. “सर, चालले का तुमी? चंद्रपूरले? घरच्या बाई आधीच गेल्या का?” मी उत्तरं दिली. थोरल्या बहिणीचं लग्न झालं, तो म्हणाला. बाप आता घरीच असतो.

तो आला तेव्हाच गजभिये सर बाकावरून उठून उभे राहिले होते. शिक्षक वर्गात आल्यावर मुलं उभी राहतात, तसे, हात दोन्ही बाजूंना सरळ. शालिकनं तिकडं बघितलं नाही. माझा निरोप घेऊन तो पोत्यांकडं गेला.

सर तसेच उभे राहिले. मी म्हटलं, “बसा, सर.” त्यांनी ऐकलं नाही. उलट दोन पावलं पुढं गेले, थप्पी आणि डबा यांच्या मधल्या वाटेवर. काहीतरी बोलायचं असावं. शालिक पाठीवर पोतं घेऊन कमरेत वाकून आला आणि त्यांच्यासमोर थांबला. ओझ्याखाली मान वर होत नव्हती. त्याच्या नाकावरून घाम फलाटावर टपकत होता.

“भाऊ,” तो म्हणाला, “बाजूले व्हा.”

सर बाजूला झाले.